ब्रेक लागला होता

लडाखमध्ये माझी दुसरी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. घर बदलापूरला, कात्रपमध्ये. नाईक पांडुरंग भोईर आमच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. तो चामटोलीचा, म्हणजे माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावरचा. पण आमची ओळख झाली ती पार तिकडे, वर. मला तो दादा म्हणायचा. परेडवर मात्र उस्ताद.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला आणि उशिरापर्यंत हलला नाही. खिंड बंद झाली की खालून काही येत नसे. गाड्यांचे रेडिएटर रिकामे करायचे, बॅटऱ्या काढून बंकरमध्ये ठेवायच्या, चाकांखाली लाकडी ठोकळे द्यायचे आणि वाट बघायची. सगळा हिवाळा हाच उद्योग. कंटाळा येतो. उंचीवर माणूस बसल्या बसल्यासुद्धा दमतो, आणि हा थकवा झोपून जात नाही.

मार्चअखेर हुकूम आला. रस्ता उघडतोय, गाड्या तयार करा.

ॲम्ब्युलन्स शेवटी घेतली, कारण तिचीच अवस्था सगळ्यात वाईट होती. दारं गोठून घट्ट बसली होती. वायरिंग उंदरांनी खाल्ली होती. त्या थंडीत उंदीर कुठून येतात, देव जाणे. रेडिएटरचे रबरी पाइप बोटाने दाबले तरी तडकत होते. स्टोअरचे पाइप येणार रस्ता उघडल्यावर, आणि रस्ता उघडला की गाडी तयार पाहिजे. नशीब, भोईरने दिवाळीच्या सुट्टीत उल्हासनगरच्या बाजारातून स्वतः जाऊन पाइप आणले होते. दुकानदार सिंधी होता. त्याची नक्कल करत भोईर पाइप बसवायचा. "फौजी, एकदम पक्का माल है. फटा तो मेरे को लाके दिखाना." मग आपणच हसायचा. "आता याला दाखवायला कोण जाणार, दादा?"

हातमोजे घालून नट धरता येत नाही आणि काढले तर बोटं लोखंडाला चिकटतात. दहा मिनिटं काम, मग केरोसीनच्या बुखारीजवळ हात शेकायचे, परत काम. ब्रेकचे शू ड्रमला धरून बसले होते. ब्लो-लॅम्पने ड्रम गरम करून ते सोडवले. मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला भोईर आत पेडलवर आणि मी चाकाखाली पाठीवर.

"दाब."

"दाबला."

"धरून ठेव. सोड."

चारी चाकांना हेच. एकदा झाल्यावर तो म्हणाला, पेडल अजून जरा खाली जातोय. मी वैतागलो. पाठ गारठली होती. पण त्याने ऐकलं नाही. पुन्हा चारी चाकं केली.

हीटरची वायरिंग तेवढी राहिली होती. ती उद्या, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पोस्टवरून शिपाई खाली आणला. हिमाचलचा, नवीन लग्न झालेला. फुप्फुसात पाणी भरलं होतं. ओठ निळे. हवा खराब, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. आमचे डॉक्टर कॅप्टनसाहेब शेडमध्ये आले.

"गाडी चलेगी?"

"चलेगी साब. हीटर नहीं है."

"ब्रेक?"

भोईर म्हणाला, "फर्स्ट क्लास, साब."

खालच्या हॉस्पिटलकडे निघालो. मागे पेशंट, ऑक्सिजन आणि नर्सिंग असिस्टंट. पुढे भोईर आणि मी. चाकांना साखळ्या. डोझरने एकच गाडी जाईल एवढा रस्ता कापला होता. एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला खाली काय ते दिसत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. एका वळणावर रस्त्याची कड कुठे संपते ते कळेना. भोईरने गाडी थांबवली.

"दादा, तुम्ही स्टेअरिंगवर बसा. मी पुढे चालतो."

फावडं घेऊन तो उतरला. बर्फात फावडं खुपसून बघायचा, मग हात वर करायचा.

"येऊ द्या. येऊ द्या."

मी पहिल्या गिअरमध्ये मागोमाग. बॉनेटपुढे त्याची पाठ तेवढी दिसत होती.

"येऊ द्या."

मग त्याने वळून दोन्ही हात वर केले.

"थांबा!"

मी पेडल दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्याच्या पायाखालची कड सुटली, आवाजही फारसा झाला नाही. समोर फक्त धुकं राहिलं.

मी उतरलो, पालथा पडून कडेपर्यंत सरकलो, हाका मारल्या. उत्तर नाही. मग वायरलेस सेट उचलला.

"ड्रायव्हर नीचे गिरा है. दिख नहीं रहा. ओव्हर."

"पेशंट? ओव्हर."

"साँस चल रही है. ओव्हर."

"गाडी आगे बढाओ. सर्च पार्टी निकल रही है. आउट."

नर्सिंग असिस्टंटने आतल्या भिंतीचा बर्फ उकरला. मी गाडी थोडी मागे घेतली, भिंतीला घासत ते वळण काढलं. हॉस्पिटलपर्यंत गाडी मीच नेली. तो शिपाई जगला.

भोईर दुसऱ्या दिवशी सापडला. हवा अजून खराबच होती, म्हणून अंत्यसंस्कार तिथेच झाले. अस्थी घेऊन मला पाठवलं, कारण मी त्याच्या गावाजवळचा.

चामटोलीत उन्हाचा नुसता जाळ होता. त्याचे वडील ओटीवर बसले होते. अस्थिकलश त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, आत जाऊन सुनेजवळ ठेवला आणि परत येऊन बसले. मग बोलले.

"गावात बोलतात, गाडीचा ब्रेक नाय लागला. त्याच्या हातून गाडी गेली."

"नाही, बाबा. ब्रेक लागला. तो गाडीत नव्हता, पुढे चालत होता. त्याने थांबा म्हटलं म्हणून आम्ही वाचलो."

"मंग तो पडल्यावर तू काय केलास?"

"हाका मारल्या. मग गाडी पुढे नेली. आत आजारी माणूस होता."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मी नजर खाली केली नाही.

"तो वाचला?"

"वाचला."

"त्याला आय हाय?"

"आहे. बायको पण आहे."

"बरा झाला," ते म्हणाले. मग आत वळून म्हणाले, "सूनबाय, याला पानी दे."

पाणी घेऊन ती दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. तांब्या माझ्या हातात देताना म्हणाली, "भाऊ, हे बाहेर चौकात पण सांगाल का? सगळ्यांना?"

मी चौकात गेलो. पारावर माणसं बसली होती. युनिफॉर्मवर होतो, उभा राहिलो आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. नाईक पांडुरंग भोईर, चामटोली. तेव्हापासून कोणी विचारलं की सांगतो. आज तुम्ही विचारलंत.