हे तिला सांगू नकोस

नॉटिंगहॅमच्या ज्या लायब्ररीत मी पार्ट-टाइम काम करायचे, तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक लेखिका पाहुणी म्हणून आली होती. कृष्णवर्णीय, आईवडील जमैकाचे, स्वतः जन्मलेली बर्मिंगहॅमची. वेगवेगळ्या समाजांत जाऊन वर्णभेदावर मोकळेपणानं बोलायचं, असा तिचा कार्यक्रम. मी मराठी मंडळाची सेक्रेटरी, म्हणून आमची रविवारची दुपार मीच ठरवली. हौस, दुसरं काय!

चर्चच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमली. निम्मी डॉक्टर, उरलेली डॉक्टरांच्या घरची. पहिलाच प्रश्न आला, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"बर्मिंगहॅमची."

"हो, पण मूळच्या?"

मी कपाळाला हात लावला. हाच प्रश्न पेशंटनं विचारला की घरी येऊन आठवडाभर धुमसणारी ही माणसं! लेखिका हसली. म्हणाली, "तुम्हाला असं विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता?" एकजण उगाच हीटर वाढवायला उठला.

मग आमचे अध्यक्ष उभे राहिले. निवृत्तीला आलेले, म्हाताऱ्यांच्या वॉर्डचे कन्सल्टंट. इंग्लिशमध्ये म्हणाले, या देशानं आम्हाला सगळं दिलं, कधी कसला त्रास झाला नाही. खाली बसता बसता माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "या लोकांचं वेगळंच असतं गं. काम नको, तक्रार हवी. हे मात्र तिला सांगू नकोस."

"काय म्हणाले ते?" लेखिकेनं मला विचारलं.

माझी सहनशक्ती संपली होती. मी शब्दन् शब्द सांगितला.

अध्यक्षांचे कान लाल झाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. मंडळात त्यांना स्वयंपाक सोडून दुसऱ्या कशावर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, तुम्हाला सर्जन व्हायचं होतं ना? मग म्हाताऱ्यांच्या वॉर्डात कसे गेलात?"

"आवड होती म्हणून."

"आवड? सर्जनच्या जागेच्या मुलाखतीहून आलात की गाडीतच बसून राहायचात. मी खाली येऊन काचेवर टकटक करायचे, तेव्हा वर यायचात." मग मला म्हणाल्या, "हेही सांग तिला."

सांगितलं. लेखिकेनं अध्यक्षांना हळूच विचारलं, "मग त्या जागा कुणाला मिळाल्या?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ज्या गोऱ्या पोरांना मी टाके घालायला शिकवलं, त्यांना."

आता कुठे कुणीतरी खरं बोललं होतं. तोच खजिनदारांनी टाळ्या वाजवल्या, "चला चला, वडे गार होतायत!" सगळे सुटका झाल्यासारखे उठले. मी ओरडले, "अहो, पाच मिनिटं थांबा ना!" कोण ऐकतंय!

पुढच्या कमिटी मीटिंगला ठरलं, असले विषय पुन्हा नकोत.

"मग काय हवं?" मी विचारलं.

"सुगम संगीत ठेवू," अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले. मी तिथल्या तिथे सेक्रेटरीपद सोडलं. कुणी 'राहा' म्हणालं नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी लायब्ररीत आल्या. पहिल्यांदाच. कार्ड काढलं, लेखिकेची कादंबरी मागितली, सोबत सोपी डिक्शनरी.

"घरी चालेल ना?" मी विचारलं.

"त्यांच्या समोरच बसून वाचणार आहे," त्या म्हणाल्या.