उचललेली सोंगटी
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. यवतमाळकडच्या बाभुळगावात सायकली दुरुस्त करणारा माझा दोस्त उडत्या डोंगरांच्या, राक्षसांच्या गोष्टी एका वहीत लिहायचा. फाटलेली पानं तो सोल्युशननंच चिकटवायचा. त्या गोष्टींवरून त्यानं एक खेळही केला होता. जुन्या चादरीवर नकाशा आणि सोंगट्या म्हणून सायकलचे नट. नियम त्याचाच होता की कुणी डाव सोडून गेला तरी त्याची सोंगटी उचलायची नाही, उरलेल्यांनी पाळीपाळीनं त्याची चाल खेळायची. तो काविळीनं गेला, तेव्हा पुस्तक निघावं म्हणून मी शहरातल्या एका प्रकाशकाला दोस्ताच्या घरी बोलावलं. त्या वर्षांत आमच्याकडे जो येई तो कापसाचं रडणं ऐकायलाच येई. यानंही वही चाळून विचारलं, “यात कापूस कुठं आहे?” मी म्हणालो, “कापूस तर आम्ही रोजच पाहून राह्यलो साहेब. त्यानं दुसरं काही पाह्यलं, ते छापा.” तो हसला. “यवतमाळचं पुस्तक म्हटलं की वाचक कापूसच शोधतो,” म्हणाला आणि आमचा डाव चालूच असलेल्या पटावर बॅग ठेवायला जागा हवी म्हणून त्यानं दोस्ताचीच सोंगटी उचलली. दोस्ताची बायको शांतपणे म्हणाली, “ते काहून उचलली? त्यायची चाल आज माह्याकडं हाय.” मी प्रकाशकाच्या हातातली वही ओढून घेतली. गेल्या वर्षी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून आम्हीच पुस्तक छापून घेतलं. कव्हरवर कापसाचं बोंड टाकू का, असं त्यानंही विचारलं.