रात्रपाळीच्या घरातली दुपार

वाऱ्यावर मळीचा आंबूस-गोड वास आला, की मला लग्नानंतरचा पहिला गळीत हंगाम आठवतो. प्रवरेकाठच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचे बिऱ्हाड होते. यजमानांना रात्रपाळी असे. ते दिवसा झोपत, म्हणून दुपारभर घरात कुजबुजायचीही चोरी होती. त्या मुक्या वेळी मी मागच्या ओट्यावर बसून ओल्या बोटाने फरशीवर ‘कारखाना’ असे लिही आणि त्याच्याच अक्षरांतून लहान शब्द काढी: खार, नाका, रकाना. ऊन ते एकेक टिपून घेई. एकदा शेजारच्या काकू कुंपणावरून वाकल्या. “काय गं, पान्यानं काय लिव्हतीस?” मी हळूच खेळ सांगितला. “मी बी चवथी शिकलेय,” म्हणत त्या आत आल्या, माझ्या तांब्यात बोट बुडवून बराच वेळ अक्षरे निरखत राहिल्या आणि त्यांनी लिहिले, ‘नार’. “बघ, कारखान्यातून नार निघाली, आमचे मालक काय येळंवर निघत न्हाईत!” त्या खळखळून हसल्या, मीही हसले. कितीतरी दिवसांनी माझे हसू माझ्याच कानांवर पडत होते. तोच आतून यजमान ओरडले, “जरा झोपू द्याल का?” काकूंनी तोंडाला पदर लावला आणि चपला हातात घेऊन त्या निघून गेल्या. पुढे त्या कुंपणापाशी येत, बंद दाराकडे पाहत, नुसती मान हलवीत आणि परत फिरत. आता यजमानांना दिवसपाळी आहे; दुपारी मोठ्याने हसले तरी कुणाची झोप मोडत नाही. काकूंचे बिऱ्हाड मात्र केव्हाच गावाकडे गेले.