जेवणानंतरची गोळी

ताईच्या मेंदूचं ऑपरेशन करावं, असं आमच्या घरात सगळ्यात आधी मी म्हणाले. आजही कबूल करते, उगाच दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला गंगापूर रोडच्या पुढं आमचा फुलांचा मळा होता. माझी थोरली बहीण वेण्या करायला बसली की बोटं दिसायची नाहीत, इतका हात चालायचा. एका हंगामात शेवंतीवर कीड पडली आणि अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, औषध फवारलं. ताईच्या डोक्यात बसलं की ते विष आपल्या हाताला लागलंय. हातावरून ते वेणीत जाणार आणि वेणी माळणाऱ्या बाईचं तान्हं मूल मरणार! झालं, हात धुणं सुरू. सकाळी हौदावर बसायची ती दुपारी उठायची. बोटांना चिरा पडून रक्त यायचं, तरी साबण सुटेना. आणि तिला सगळं कळत होतं हो! "काही लागलेलं नाही गं, मला ठाऊक आहे," म्हणायची आणि धूत राहायची.

तीन वर्षं गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी औषध तीनदा बदललं, डोस वाढवला, गुण म्हणून नाही. शेवटी ते म्हणाले, "औषधांना दाद न देणाऱ्या आजारात क्वचित मेंदूचं ऑपरेशन करतात. मुंबईला एकदा मत घ्या."

घरात रणकंदन. अण्णा म्हणाले, "पोरीच्या डोस्क्याला भोक पाडू देणार नाय. येडी तर येडी, माझ्या घरात हाय." मला असला संताप आला! तिच्याजवळ हौदावर बसायचं मी, आणि हे खुशाल म्हणणार घरात हाय. मी तोंड सोडलं. तेवढ्यात ताई ओल्या हातांनी दारात आली.

"मला कुणी विचारणार आहे का? मेले तरी चालेल, पण एकदा हात कोरडे होऊ देत."

अण्णा मळ्यात निघून गेले.

आई, ताई आणि मी सकाळच्या गाडीनं नाशिक रोडहून निघालो. मुंबईच्या त्या हॉस्पिटलात मेंदूचे सर्जन होते, आणि शेजारी मानसोपचाराच्या डॉक्टरबाई. सर्जननी काही लपवलं नाही. रक्तस्राव होऊ शकतो, फिट येऊ शकते, स्वभाव बदलू शकतो, एवढं करून गुण येईलच असं नाही. ताईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "करा."

बाईंनी तिच्या सुकलेल्या तोंडाकडं पाहिलं. "सकाळपासून काही खाल्लंस का?"

"आज सोमवार. उपवास आहे."

"आणि गोळी?"

उत्तर आईनं दिलं, एवढंही कसं कळत नाही अशा आवाजात. "जेवणानंतरची गोळी हाय ना ती. उपासाला जेवण कुठलं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. उपवास किती, म्हणून विचारलं. आई अभिमानानं बोटांवर मोजू लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार. दोन एकादश्या, चतुर्थी. "समदे तिच्याच नावानं धरलेत. तिला बरं वाटावं म्हणून तिच्याकडूनच करून घेते."

"म्हणजे तीन वर्षांत हिनं औषध पुरतं कधी घेतलंच नाही," बाई म्हणाल्या. मग हलकेच, "अहो, साबुदाण्यानंतरसुद्धा चाललं असतं. पोटात काही असलं म्हणजे झालं."

आईचा गळा धरावा असं वाटलं मला. मग आठवलं, औषधाच्या दुकानात चिठ्ठी घेऊन मीच तर जात होते. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरायच्या, आणि बी.ए. झालेल्या या शहाणीला एकदाही प्रश्न पडला नाही. कुणाला बोलणार?

सर्जन म्हणाले, "आत्ता मी करणार नाही. वर्षभर औषध रोज, आणि बाई सांगतील तो हातांचा सराव. नाही फरक पडला तर परत या, तेव्हा मी नाही म्हणणार नाही." ताईला रडू कोसळलं. सुटका होईल म्हणून आली होती बिचारी. परतताना इगतपुरीपर्यंत ती आईकडं पाठ करून बसली.

त्यानंतरच्या पहिल्या एकादशीला आईनं वरणभात टाकला. आमच्या घरात त्या दिवशी भात शिजलेला मी कधी पाहिला नव्हता. "साबुदाण्यावर भागंल म्हणाल्या त्या, पण नाय भागलं तर?" एवढंच म्हणाली. ताई ताटाला हात लावेना. उपवास मोडला तर कुणीतरी मरेल, हे आता डोक्यात आलेलं. आईनं पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. "घे, पाप लागायचं ते मला लागलं. आता तू खा." ताई जेवली, आणि गोळी घेतली.

सराव म्हणजे शेवंतीला हात लावायचा आणि धुवायचं नाही. आधी पाच मिनिटं, मग दहा. घड्याळ धरून मी समोर. "मेली, वैरीण आहेस माझी," असल्या शिव्या खाल्ल्या मी! वर्ष सरलं तेव्हा हौदावरचा वेळ अर्ध्या तासावर आला होता. सर्जनना ताईनंच सांगितलं, "आता नको. पण लागलं तर येईन." ऑपरेशनला मी आजही नावं ठेवत नाही. कुणाची ती खरोखरच शेवटची वाट असेल. आमची नव्हती.

दोन हजार सालानंतर कधीतरी मी बाळंतपणाला माहेरी होते. लेक तीन महिन्यांची, दूध पीत होती. ताई शेवंतीची वेणी घेऊन मागून आली आणि माझ्या केसांत माळू लागली.

"धुऊन येऊ?" तिनं विचारलं.

"नको. बस इथंच."

ती बसली. पदराला हात पुसणार होती, तेही थांबली. मग म्हणाली, "दे तिला इकडं," आणि त्याच हातांनी माझी लेक उचलून घेतली.