सोंड कुठे गेली?

संग्रहालयात तिला सगळे बरणीबाई म्हणत. एकतीस वर्षं तिचं काम एकच: स्पिरिटमध्ये ठेवलेल्या समुद्री प्राण्यांच्या बरण्या तपासायच्या, स्पिरिट उतरलं की भर घालायची. निवृत्तीला आठ दिवस उरले होते, आणि नेमकं तेव्हाच तिचं धाबं दणाणलं.

बाहेरून एक तज्ज्ञ बाई मोठा चमचाकृमी, म्हणजे चिखलात राहणारा सोंडेचा समुद्री किडा, बघून त्याचं कूळ ठरवायला येणार होत्या, आणि तो त्यांना सोंडेसकट हवा होता. बरणीबाईने सकाळी बरणी उतरवली, तर आत वीतभर लांबीचं जाड धड तेवढं तरंगतंय. सोंडेचा पत्ता नाही! बारा वर्षांपूर्वी गढूळ झालेलं स्पिरिट तिने मोरीत ओतलं होतं, ते तिला आठवलं. सोंड त्यातच गेली, दुसरं काय!

"आधीपासूनच नव्हती" म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. तज्ज्ञ बाई येताच तिने सांगून टाकलं, "मॅडम, सोंड बहुतेक मीच टाकून दिली."

तज्ज्ञ बाई संग्रहालयाच्या साहेबांच्या टेबलाशी बसल्या. त्यांनी धड ट्रेमध्ये घेऊन पोटाला चीर दिली आणि त्या हरखल्या. "या बघा, अंड्यांच्या पिशव्या! बाकीच्या कुळांत दोन-चार असतात, फार तर दहा-बारा. इथे शेकड्यांनी आहेत. कूळ ठरलं!"

बरणीबाईला कुळाचं काय पडलं होतं! तिचा जीव सोंडेत अडकला होता.

"ही सोंड हातभर लांब, आणि ओढली की तुटते," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "धड चिखलात खोल असतं. त्याच दिवशी त्याच चिखलातून आणखी काही आलं होतं?"

नोंदवही निघाली. त्याच तारखेला 'फीतकृमी, अर्धवट', म्हणजे फितीसारख्या चपट्या समुद्री किड्याचा तुकडा. कपाट वेगळं, बरणी वेगळी. बरणीबाई धावतच घेऊन आली. तज्ज्ञ बाईंनी ती चपटी पट्टी चिमट्याने उलटवली. "समुद्रातल्या फीतकृमीला तोंड असतं, आतडं असतं. इथे नुसती पन्हळ आहे, अन्न तोंडाकडे वाहून न्यायची. सोंडच ही!" तुटकं टोक धडाला लावलं, ते बरोबर बसलं.

"नोंद कोणी केली होती हो?"

बरणीबाईने चष्मा पुसला. अक्षर तिचंच होतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं. तिला इतकं हलकं वाटलं की हसताना डोळे भरून आले. "चुकले खरी, पण फेकली नाही ना मी!"

"फेकली?" तज्ज्ञ बाईंनी सोंडेची काठोकाठ भरलेली बरणी उजेडात धरली. "यात दरवर्षी स्पिरिट कोण घालत होतं?"

"मीच की," बरणीबाई म्हणाली, आणि खुर्ची ओढून पहिल्यांदाच साहेबांच्या टेबलाशी बसली.