दवाखान्याची जागा

मंगळीमावशी गेल्या हे मला तीन आठवड्यांनी कळलं. शहापूरच्या एसटी स्थानकात त्यांची मुलगी सुमन भेटली, तिने सांगितलं. "तुमाला कळवायचं होतं, पन नंबर नव्हता," ती म्हणाली. नंबर मीच कधी दिला नव्हता...

नव्वदच्या दशकात किन्हवलीकडच्या एका वाढत्या गावाचा आराखडा आमच्या कार्यालयाकडे आला आणि मी, नवखा अभियंता, मोजणीला जाऊ लागलो. नव्या चाळी उठत होत्या, बाजार रस्त्यावर आला होता, पाणी पुरत नव्हतं. मावशी डोंगरालगतच्या ठाकरवाडीतल्या, राखीव जागेवर पंचायतीत निवडून आलेल्या. अक्षरओळख नव्हती, पण जमिनीचा उतार माझ्या दुर्बिणीच्या आधी सांगायच्या. "टाकी हितं नको सायेब, वरच्या घरांना पानी चढायचं नाय." मोजलं तर तसंच निघालं. टाकी त्यांनी दाखवलेल्या उंच टेपाडावर झाली, शाबासकी मी घेतली.

त्यांना हवा होता तो दवाखाना. त्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी झोळीतून खाली नेताना ती वाटेतच गेली होती. वाडीलगतचं गुरचरण मी नकाशात दवाखान्यासाठी दाखवलं. गुरांची जागा सोडायला वाडी तयार नव्हती. मावशी घरोघर फिरल्या, ग्रामसभेत उभ्या राहून बोलल्या, तेव्हा कुठे ठराव झाला.

मग कचऱ्याचा प्रश्न आला. कचरा टाकायला कुठलीच आळी जागा देईना. कार्यालयातल्या वरिष्ठ साहेबांनी मला बोलावून गुरचरणावर बोट ठेवलं. "ही जागा आयती ताब्यात आलीय. दवाखाना पुढे कधीतरी बाजाराजवळ बघू. इथे कचरा दाखवा." मी रबर घेतलं. जुनी खूण खोडली, नवी काढली. रेघ अगदी सरळ आली, याचीच आज जास्त लाज वाटते.

पहिला ट्रॅक्टर तिथे कचरा ओतून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी शहापूरला आमच्या कार्यालयात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"सायेब, नकाशात चूक झाली का?"

खरं सांगायला तेवढाच क्षण होता. मी म्हणालो, "हो मावशी, चूकच झाली. सुधारून घेतो."

त्यांनी मान हलवली आणि समाधानाने गेल्या. वाडीतल्या लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल... पुढच्या निवडणुकीत त्या उभ्याच राहिल्या नाहीत. माझी मुरबाडला बदली झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

सुमन भेटल्यावर मात्र वाडीत गेलो. शेवटच्या वळणावर नाकाला रुमाल लावला, आणि लगेच काढला. मावशींच्या ओटीवर टेकलो, तेवढ्यात शेजारची एक बाई भाजलेला हात घेऊन आली. सुमनने कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. आत कापूस, पट्ट्या, मलम, थर्मामीटर, जुलाबावरची पाकिटं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"लई वर्सं झाली. आय नर्सबाईकडून शिकली. म्हनायची, सायेब नकाशा सुदरून आनतील, तवर दवाखाना हितंच. वाडीत समदी दवाखानाच म्हनतात या ओटीला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने बाईच्या हाताला हलकेच मलम लावलं आणि पट्टीचं एक टोक माझ्यापुढे केलं.

"जरा धरा, सायेब."

मी धरून बसलो.