जयरामची सायकलची चेन

पाटी रंगवून वाळली की जयराम ती अंगणात उताणी टाकायचा आणि जुन्या सायकलच्या चेनने बडवायचा. मग चपला घालून तिच्यावर दोनचार फेऱ्या मारायचा. केरीला त्याच्या घरी गेलो की मला हे बघवत नसे. पाटीचा कळवळा म्हणून नव्हे. असली बडवलेली पाटी मोरजीच्या किनाऱ्यावर झोपडीवजा हॉटेलं चालवणाऱ्या शॅकवाल्यांना हवी असायची आणि माझी सरळ, स्वच्छ, चकचकीत पाटी डिचोलीत कोणी फुकट नेत नव्हतं, म्हणून.

आम्ही दोघं म्हापशाला एकाच मास्तरांकडे पाट्या रंगवायला शिकलो. माझा हात चांगला होता, हे मी सांगत नाही, मास्तर सांगायचे. रेघेसाठी खडूची दोरी न मारता मी सरळ ओळ लिहायचो. जयरामचा प्रत्येक ‘र’ दारू प्यायल्यासारखा उजवीकडे कलायचा. मास्तर रॉकेलचा बोळा घेऊन त्याचं अक्षर पुसत आणि माझ्याकडे बोट दाखवत. जयरामला त्याचं काहीच वाटत नसे. उलट कौतुकाने म्हणायचा, “गुरुदास, तुझो हात देवान दिलेलो. माझो म्हापशाच्या बाजारात मेळ्ळो.”

पुढे फ्लेक्स आले आणि माझं दुकान बसलं. गाड्यांचे नंबर आणि शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, एवढंच उरलं. अशात एकदा होड्यांवर नंबर घालायला मोरजीला गेलो, तर एका शॅकच्या दारात पाटी दिसली. रंगाचे पोपडे निघालेले, कडा खाल्लेल्या, खिळ्यांभोवती गंज. चांगली सत्तर वर्षांची वाटावी. दिल्लीहून आलेला मालक पाहुण्यांना सांगत होता की ही आमच्या आजोबांच्या खानावळीची. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. मी पुढे झालो आणि त्यातला ‘र’ बघितला. उजवीकडे कललेला. तेव्हा पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे कित्येक वर्षं थांबलं नाही.

मी तडक केरी गाठली. वाटलं होतं, जयराम लपवाछपवी करील. त्याने बसवून चहा दिला आणि सगळं दाखवलं. मोडक्या होड्यांच्या फळ्या घ्यायच्या. माडाच्या विनेगरात गंजके खिळे चार दिवस भिजवून ते पाणी लाकडाला फासायचं, म्हणजे लाकूड करडं पडतं. रंगाच्या दोन थरांमध्ये मेणबत्ती घासायची, मग वरचा रंग हवा तिथून सुटतो. “नवी पाटी कोण बघना रे,” तो म्हणाला. “जुनी दिसली की माणूस थांबता. थांबलो की वाचता.” काही हातचं राखलं नाही त्याने. याचाही मला रागच आला. इतकं मोकळेपणाने सांगतो म्हणजे मला येणार नाही, याची त्याला खात्रीच असणार.

आणि मला आलंही नाही. घरी पाटी केली, चेन मारली. बायको बघून म्हणाली, “हिला ट्रकने ठोकर दिली काय?” अक्षर सरळ आणि वर जखमा, ते जुनं दिसेना. जयरामच्या वाकड्या अक्षराला मात्र म्हातारपण शोभायचं. ज्या हाताचं अक्षर मास्तर रॉकेलने पुसत होते, त्याच हाताचं सोनं झालं होतं. मला रात्र रात्र झोप येईना.

मग एका सीझनच्या तोंडावर जयराम शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. मोरजीच्या एका बेकरीची मोठी पाटी अर्धवट होती; फळी तयार, अक्षरं सगळी काढायची होती. ‘ताजो पाव मेळटा’. त्याने निरोप धाडला, तूच ये. मी गेलो, पण मदतीला नाही. एकदा त्याच्याच अंगणात असं अक्षर काढीन की पोरंटोरंही सांगतील, खरा पेंटर कोण ते, असं ठरवून गेलो. तीन दिवस मान वर केली नाही. आयुष्यात तसं अक्षर मी आधी काढलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“आता चेन मार,” जयराम प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन म्हणाला.

“तूच मार,” मी म्हणालो.

त्याने डाव्या हातात चेन घेतली. पाटीपाशी गेला आणि चेन खाली ठेवली. “ना रे. ह्या अक्षरांक मारूंक माझो हात जायना.” बेकरीवाल्याला त्याने पूर्वी केलेली पावाचीच दुसरी एक पाटी दिली. माझी मात्र घरामागे, समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर ठोकली. “हिका पावस आनी खारो वारो जुनी करतलो. हांव ना.”

मला काय वाटलं असेल? वाटलं, लपवली. लोकांनी बघू नये म्हणून मागे टांगली. मी डिचोलीभर सांगत सुटलो, नार्वेच्या जत्रेतही सांगितलं, की जयराम माझ्या अक्षरावर जळतो. हे त्याच्या कानावर गेलं नसेल, असं होणारच नाही. पण भेटला की तोच चहा आणि तेच, “तुझो हात देवान दिलेलो.”

गेल्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला घरामागे नेलं. भिंतीवर माझी पाटी होती. खाऱ्या वाऱ्याने रंग सुटला होता, कडा विरल्या होत्या, अक्षर मात्र शाबूत होतं. जयरामची कुठलीच पाटी इतकी सुरेख झाली नव्हती. खाली एक स्टूल होतं.

“रोज सकाळची चाय घेवन हांगाच बसत,” वहिनी म्हणाल्या. “रंग खंय सुटलो, कसो सुटलो, ता बघत आनी तसाच आपल्या पाट्यांवर करत. म्हणत, हांव अजून गुरुदासाकडे शिकतां. कितके जाण मागूंक आयले, पण कोणाक विकली ना. तुमकांच दिवची म्हणून सांगून गेलेत.”

ज्याच्यावर जन्मभर जळलो, तो माझ्या अक्षरापुढे रोज स्टूल टाकून बसत होता.

पाटी आता माझ्या दुकानावर आहे. परवा मोरजीचे एक शॅकवाले गाडी थांबवून उतरले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. “हे केरीच्या जयरामबाबांचं काम ना? त्यांच्यासारखा पेंटर पुन्हा होणार नाही.”

‘अक्षर माझं आहे’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

“हो,” मी म्हणालो. “त्याचंच.”